गच्चीवरचा शनी

दसरा उलटला की आमच्या सिल्वासाचं आकाश हळूहळू माणसात येतं. पावसाळ्यात इथे वर बघायची सवयच सुटते. बघायचं ते खाली: रस्त्यातले खड्डे, चपलांना चिकटलेला चिखल आणि कोपऱ्यात साठलेलं पाणी. मग एका संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायला गच्चीवर जावं आणि लक्षात यावं, की आज कपडे खरंच वाळलेत, कारखान्यांच्या वासात कुठूनसा भाताच्या पेंढ्याचा वास मिसळलाय आणि पूर्वेला पाण्याच्या टाकीवर एक पिवळसर तारा अजिबात न लुकलुकता उभा आहे. काल तो दिसला. माझ्या नवऱ्याचा, शिरीषचा, शर्ट हातात तसाच धरून मी त्या ताऱ्याला म्हटलं, ‘आलास का?’

शनीला ‘आलास का’ म्हणून विचारणारी बाई कुणी पाहिली असती तर माझीच साडेसाती बघायला पंचांग काढलं असतं. लोक त्याला तेल घालून वाटेला लावतात. पण मागच्या वर्षीचे दिवाळीपासून नाताळापर्यंतचे दिवस आमच्या घरात त्याच्याच नावावर जमा आहेत, आणि माझी त्याच्याबद्दल काडीची तक्रार नाही.

आम्ही नवरा-बायको दोघंही धाग्याच्या कारखान्यातले. शिरीष मेंटेनन्समध्ये, मी क्वालिटीच्या लॅबमध्ये. नाशिकहून इथे आलो तेव्हा दोन-तीन वर्षं काढू आणि परत जाऊ असं ठरलं होतं. इथे येणारे सगळे असंच ठरवून येतात आणि मग त्यांच्या मुली इथल्याच शाळेतून दहावी होऊन पुण्याला नोकरीलाही लागतात. आमची मृण्मयी तशीच गेली. तिची खोली रिकामी झाली आणि वर्षभरातच तिथे दादा आले.

दादा म्हणजे माझे सासरे. सिन्नरकडच्या एका गावात चौतीस वर्षं भूगोल शिकवलेले. मागच्या वर्षी वैशाखात आई गेल्या आणि शिरीष त्यांना इकडे घेऊन आला. दादांनी कसलीही कटकट केली नाही. चहा दिला की चहा घेत, जेवण वाढलं की जेवत, भाजीत मीठ विसरलं तरी विसरलंय म्हणत नसत. सुनेला असा सासरा मिळाला तर चार बायका हेवा करतील, पण मला त्याची भीती वाटायची. पूर्वी हेच दादा आईंना आमटीतल्या चिंचेवरून भूगोलाइतकंच कडक बोलायचे. ज्या माणसाला काहीच खटकत नाही तो अर्धा उठून गेलेला असतो, असं मला वाटतं.

त्यातून डोळे. दोन्हींत मोतीबिंदू, उजव्यात जास्त पिकलेला. वापीच्या डॉक्टरांनी ‘काका, पंदर मिनट का काम है’ म्हणून सांगितलं होतं. आम्ही दोनदा तारीख घेतली, दोनदा दादांनी ती मोडली. एकदा सर्दी झाली म्हणून, एकदा काहीही न झाल्याने. ‘जेवढं दिसतंय तेवढं पुरे आहे मला,’ म्हणायचे. शिरीष चिडायचा, मग गप्प बसायचा. बापावर फार चिडता येत नाही, विशेषतः आई नुकती गेलेली असताना. उजव्या डोळ्यात उशीर झाला तर ऑपरेशन अवघड होईल, हे डॉक्टरांनी आम्हाला वेगळं सांगितलं होतं. म्हणजे घरात एक घड्याळ चालू होतं आणि ज्याचं ते घड्याळ तोच काटे बघायला तयार नव्हता.

दिवाळीत मृण्मयी आली ती एक लांबलचक खोका घेऊन. आत दुर्बीण. नवशिक्यांसाठीची, साधीशी, तीन पायांच्या तिवईवरची. ‘आजोबांसाठी आहे,’ ती म्हणाली. ‘चौथीत असताना त्यांनी मला फळ्यावर शनी काढून दाखवला होता. त्यांनी स्वतः कधी बघितलाच नाहीये, माहितीये तुम्हाला?’ मला माहीत नव्हतं. चौतीस वर्षं पिवळ्या खडूनं गोल आणि पांढऱ्या खडूनं कडी काढलेला माणूस, आणि शनी पाहिलेला नाही. पण यात नवल तरी काय? मीही कोळशाची खाण न बघताच तिच्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं.

दादांनी खोक्यावरून हात फिरवला, ‘छान आहे हो’ म्हणाले आणि खोलीत गेले.

भाऊबीज करून मृण्मयी पुण्याला गेली आणि दुर्बीण आमच्या पदरात पडली. ती उभी करणं हे एका मेंटेनन्सवाल्याच्या हाती गेलं हे तिचं दुर्दैव. सोबतचं माहितीपत्रक शिरीषनं घडी न मोडता बाजूला ठेवलं. मशीन बघूनच कळतं, हा त्याचा धर्म. कारखान्यातून स्पिरिट लेव्हल आणून त्यानं तिवई अशी काही समतल केली, की तिच्यावर पारा ठेवला असता तरी ओघळला नसता. मदतीला त्याचा फिटर मोतीलाल होता. शिरपूरकडचा, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारा, आणि इथे पंधरा वर्षं काढूनही बोली अजिबात न सोडलेला. मुख्य नळीच्या पाठीवर एक छोटी शोधक दुर्बीण बसवायची असते. तिच्यातून आधी ढोबळ नेम धरायचा, मग मोठीतून बघायचं. दोन्हींचा नेम जुळवायला लांबची एखादी वस्तू दिवसाउजेडी धरावी लागते. शिरीषनं खानवेलच्या बाजूचा मोबाइलचा टॉवर धरला, छोट्या दुर्बिणीला डोळा लावला, आणि त्याचा चेहरा मशीन बंद पडल्यावर होतो तसा झाला.

मोतीलालनं डोकावून बघितलं. ‘साहेब, हाई टावर तं उलटा टांगेल शे.’

झालं. भिंग उलटं बसलंय असा निदान-पंचनामा झाला, स्क्रू-ड्रायव्हर आला आणि मी पोहोचेपर्यंत छोटी दुर्बीण चार तुकड्यांत वर्तमानपत्रावर मांडलेली होती. तुकडे जोडले, टॉवर पुन्हा उलटाच. तिसऱ्यांदा उघडण्याआधी मी मृण्मयीला फोन लावून दिला. ‘अहो बाबा, ती तशीच दाखवते,’ ती हसत म्हणाली. ‘आणि आकाशात वर-खाली काय असतं?’ शिरीषनं फोन ठेवला आणि बराच वेळ टॉवरकडे नुसत्या डोळ्यांनी बघत राहिला. पन्नाशीच्या माणसाला आपली लेक बरोबर आहे हे पचवायला जरा वेळ लागतोच.

पहिला धरला तो चंद्र. सातच्या सुमाराला, अर्धा. आम्हाला वाटलं होतं चंद्र तेवढाच दिसेल, फक्त मोठा. पण भिंगातून तो वस्तू झाला. उजेड आणि अंधार जिथे मिळतात त्या कडेवर भाकरीला फोड यावेत तशी विवरं, आणि प्रत्येक फोडाची आपापली सावली. मी बघत असताना तो हळूहळू एका बाजूला सरकत गेला आणि दिसेनासा झाला. मला वाटलं माझा धक्का लागला. पुन्हा मध्ये आणला, पुन्हा निघून गेला. मग समजलं: तो नाही, आपणच चाललोय. पृथ्वी फिरते हे मला परीक्षेपुरतं माहीत होतं. पायाखालची चार मजली इमारत, टाकी, दोरीवरच्या चादरी आणि शिरीषची समतल तिवई हे सगळं खरंच कुठेतरी निघालंय, आणि इतक्या वेगानं, हे त्या संध्याकाळपर्यंत मला कुणी अंगावर येईल असं सांगितलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. का ते सांगता येणार नाही. महिनोन्महिने घरात सगळं थांबल्यासारखं होतं, म्हणून असेल.

शनी मात्र चार संध्याकाळी सापडला नाही. पहिल्या दिवशी आम्ही एका साध्या ताऱ्याला तासभर शनी समजलो. दुसऱ्या दिवशी औद्योगिक वसाहतीच्या बाजूनं धूर आला. तिसऱ्या दिवशी शिरीषला ‘सापडला, सापडला’ झालं, तो एका चिमणीवरचा दिवा निघाला. मोतीलाल टाकीच्या कट्ट्यावर बसून आमची मजा बघायचा. ‘लोके शनीले टाळतस, आन तुम्ही त्याले शोधी राहिनात.’ पाचव्या संध्याकाळी त्यानंच नळीला जरा हात लावला आणि बाजूला झाला. बारीक पिवळा मणी आणि त्याच्यातून आरपार गेलेली सुई. एवढंच. कडी नाहीत, नुसती रेघ.

शिरीष हिरमुसला. मग त्यानं तिथेच मोबाइलवर वाचून काढलं, की शनीची कडी आपल्याला कधी तिरपी दिसतात, कधी नेमकी कडेवरून, आणि कडेवरून दिसायचं वर्ष हेच होतं. जवळजवळ पंधरा वर्षांनी एकदा येणारी पाळी आमच्या वाट्याला आली होती. म्हणजे लग्नाला जावं आणि नवरा-नवरी पाठमोरे दिसावेत. तरी शनी तो शनी. ‘दादांना आणतो,’ म्हणून शिरीष खाली धावला.

पुढचं मी केलं.

आमच्या लॅबमध्ये एक नियम आहे. सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला की त्याच क्षणी त्याच्यावर टोपण. धाग्याच्या कारखान्यात हवेत सतत बारीक कीस तरंगत असतो, भिंगावर एक तंतू बसला तर सगळ्या पाळीचा रिपोर्ट चुकतो. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते आणि विसरल्या तर रागावते. वीस-बावीस वर्षांत हे माझ्या हातात इतकं मुरलंय, की हात करतो ते मला विचारून करत नाही. जिन्यात दादांची काठी वाजली. मी शनी बरोबर मध्ये आणला, दादा बसेपर्यंत सरकत मध्ये येईल अशा बेतानं जरा मागे ठेवला, डोळा उचलला, आणि दादांना हात द्यायला पुढे झाले.

दादा जिने चढून आले होते, इथे आल्यापासून पहिल्यांदाच गच्चीवर. शिरीषनं प्लास्टिकचं स्टूल लावलं. ‘आहे ना मध्ये?’ त्यानं मला विचारलं. ‘आहे,’ मी म्हटलं. दादांनी चष्मा काढून खिशात ठेवला, सवयीनं उजवा डोळा लावला आणि अगदी स्थिर बसले. मिनिट गेलं असेल. 

‘वा,’ दादा म्हणाले. ‘छान. कडी काय सुरेख आहेत. अगदी पुस्तकातल्यासारखी.’

शिरीषच्या डोळ्यांत पाणी आलं. वडलांना आपण काहीतरी दाखवू शकलो, यापलीकडे त्याला त्या क्षणी काही ऐकूच आलं नाही. मला मात्र ऐकू आलं. कडी? यंदा कुठली कडी? त्यानं दादांना पायऱ्यांकडे नेलं तशी मी नळीच्या दुसऱ्या टोकाला गेले. काळ्या नळीवर काळं टोपण घट्ट बसलेलं होतं. माझ्याच हातचं.

मी ते काढून मुठीत धरलं आणि कुणालाच काही बोलले नाही. शिरीषला सांगितलं असतं तर त्याचा आनंद गेला असता. दादांना सांगायचं तर तुम्ही खोटं बोललात असं तोंडावर म्हणायचं. मनात म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ झाकून राहवेना. पुढचे दोन दिवस दादांनी पेपर उघडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते आणि ते कॅलेंडरसमोर उभे होते. तळहातानं डावा डोळा झाकला, बघितलं. मग उजवा झाकला, बघितलं. पुन्हा डावा. शाळेत मुलांची तपासणी करतात तसं, आपली आपणच. पाय न वाजवता मी मागे सरले. त्या दिवशी लॅबमध्ये माझं एकही काम धड झालं नाही.

रविवारी शिरीष कारखान्यात गेला होता. मी दादांना चहा दिला आणि समोर बसले.

‘दादा, त्या दिवशी तुम्हाला शनी दिसला नव्हता.’

त्यांनी चहावरची साय बाजूला केली. मग म्हणाले, ‘शिरीषला सांगू नकोस. इतका खटाटोप केला त्यानं.’

‘दिसणारच नव्हता. टोपण लावलेलं होतं. मीच लावलं, सवयीनं.’

त्यांनी कप खाली ठेवला. ‘म्हणजे पुढून?’

‘पुढून.’

‘सगळंच बंद?’

‘सगळं.’

‘मला वाटलं माझा डोळा,’ दादा म्हणाले. ‘तुम्हाला सगळ्यांना दिसतंय, त्या मोतीलालला दिसतंय, आणि मला काळोख. कॅलेंडर दिसतं, माणसं दिसतात. पण बारीक, लांबचं असं काही बघायचं आता या डोळ्यांत राहिलं नाही, असं मनाशी धरून चाललो होतो. म्हटलं, वेळ घालवला आपण. आता डॉक्टरकडे जाऊन तरी काय उपयोग.’

मला एकदम रडू आलं. चार दिवस हा माणूस एकटा हे घेऊन बसला होता, आणि माझ्याच एका शिस्तीपायी. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर दादांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. ‘वृंदा, म्हणजे मी टोपणाची तारीफ केली? कडीबिडी सांगितली?’

‘पुस्तकातल्यासारखी म्हणालात.’

‘परीक्षेत न वाचलेल्या पोरानं लिहावं तसं,’ ते म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले. वैशाखापासून त्या घरात मी पहिल्यांदाच त्यांचं हसू ऐकत होते.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघंच वर गेलो. टोपण दादांनी स्वतः काढलं आणि माझ्या हातात न देता खिशात घातलं. ‘आज खरं सांगायचं,’ मी म्हटलं. त्यांनी आधी उजवा डोळा लावला, मग डावा. ‘धुरकट ठिपका. भोवती पिसारा फुटलाय. कडी नाहीत, रेघ नाही, काही नाही.’ जरा थांबून म्हणाले, ‘पण आहे काहीतरी तिथे. काळोख नाही.’ दुसऱ्या दिवशी सकाळी वापीला फोन त्यांनीच लावला. सर्दी झालेली होती, तरी.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मग थेंबांचे दिवस. दिवसातून चार वेळा, दोन बाटल्या, मधे पाच मिनिटं. काळा चष्मा लावून दादा बाल्कनीत बसायचे आणि खालून जाणाऱ्या मोतीलालला ‘ओळखलं तुला’ म्हणून वरून सांगायचे. तिसऱ्या दिवशी त्याच्या शर्टाचं बटण तुटलंय हे त्यांनी दुसऱ्या मजल्यावरून सांगितलं. आठवड्याभरात आमटीत चिंच जास्त झाल्याचं सांगितलं. मी लगेच मृण्मयीला फोन केला. तिला वाटलं मी तक्रार करतेय.

थंडी म्हणावी अशी थंडी इथे पडत नाही, पण नाताळाच्या सुमारास संध्याकाळी गच्चीवर शाल लागते. शनी तोवर नैर्ऋत्येकडे कलला होता. शिरीषनं लेव्हल न लावता तिवई ठेवली, तेवढा तो सुधारला होता. टोपणाकडे सगळ्यांनी दोन-दोनदा बघितलं. मोतीलाल, त्याची बायको, आम्ही दोघं, सगळे स्टुलामागे उभे. दादा बसले, उजवा डोळा लावला.

‘ही तर नुसती रेघ आहे.’

‘यंदा तशीच आहे दादा,’ शिरीष म्हणाला. ‘कडेवरून दिसतात ना.’

‘माहितीये रे मला. मी शिकवलंय.’ डोळा त्यांनी हलवला नाही. ‘पण रेघ अगदी सरळ नाही तुझी. जराशी तिरपी आहे. आणि डाव्या अंगाला एक बारीक ठिपका आहे. तो कोण?’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमच्यापैकी कुणालाच तो ठिपका आजवर दिसला नव्हता.

‘उपग्रह असेल,’ शिरीष म्हणाला. 

‘असेल नव्हे, कोणता ते शोधून सांग. सरकला बघ, मध्ये घे. असा नको, उलटा. आकाशात उलटंच फिरवायचं.’

असं बरंच चाललं. मागे रांग ताटकळत होती. कुणाची भाजी गॅसवर होती, माझे पाय दुखायला लागले होते आणि मी जन्मात इतकी सुखी नव्हते. शेवटी मोतीलालनं धीर केला.

‘गुर्जी, आते आमले बी देखू द्या ना.’

‘थांब रे,’ दादा डोळा न उचलता म्हणाले. ‘माझं अजून झालं नाही.’

 मोतीलालनं बायकोला खूण केली आणि दोघं टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसले.